वहीबाहेरचा भूप

माझ्याकडे येणारे विद्यार्थी विशारदच्या उंबरठ्यावरचे असतात. त्यातल्या बहुतेकांना मैफली करायच्या नसतात. कुणाला शाळेत संगीतशिक्षक व्हायचं असतं, कुणाला घरी क्लास काढायचा असतो. सूर चांगला लागतो, ताल हातात असतो. भूप राग म्हण म्हटलं की बंदिश, आलाप, ताना ओळीने येतात. मग मी म्हणते, "आता वहीत नसलेला एक आलाप घे." इथे बरेचजण थांबतात.

एकीने मला सरळच विचारलं, "ताई, मला कुठे स्टेजवर गायचंय? मला उपज कशाला हवी?" प्रश्न प्रामाणिक होता. माझं उत्तर असं, की आयत्या वेळी नवं सुचण्याची ही उपज शिकवणाऱ्याला जास्त हवी. मैफलीत काय गायचं हे गायक ठरवतो. वर्गात समोरचं मूल काय गाईल, हे कुणालाच ठाऊक नसतं.

वहीला मी नावं ठेवत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पं. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांतून बंदिशी स्वरलिपीसह छापल्या, म्हणून हे गाणं साध्या घरांतल्या मुलामुलींपर्यंत पोचलं. बंदिश लिहून घ्यावी, ती जपावी. पण परीक्षेच्या धास्तीने आलाप-तानाही पाठ होऊ लागल्या. लिहून दिलेला आलाप हा नमुना असतो. त्यावरून आपला आलाप करायला शिकायचं असतं.

म्हणून सुरुवातीला आम्ही फक्त तीन स्वर घेतो: सा, रे, ग. त्यांचे क्रम सहाच होतात, चार स्वरांचे २४ आणि भूपाच्या पाचही स्वरांचे १२०. मेरुखंडाचं हे गणित मी फळ्यावर लिहिते, पण तिथे थांबत नाही. सहाही क्रम गाऊन झाले की सांगते, आता यातलं काहीही गा, पण मुक्काम गंधारावर कर. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग आहे. मग पाचही स्वर मोकळे करून जोड्या करते. एकाने स्वरवाक्य पंचमावर सोडायचं, दुसऱ्याने ते षड्जावर आणायचं. दुसऱ्याचं नीट ऐकल्याशिवाय इथे काही सुचतच नाही, आणि मला नेमकं तेच हवं असतं.

त्यानंतर ताल. मध्यलय त्रितालातली, खालीपासून म्हणजे नवव्या मात्रेपासून उठणारी बंदिश घेते. समेपासून आठ मात्रा स्वतःच्या, नवव्या मात्रेला मुखडा हातात आलाच पाहिजे. सुरुवातीला या आठ मात्रा संपता संपत नाहीत. महिनाभराने त्याच अपुऱ्या वाटू लागतात, मग २४ मात्रा देते. मुखडा हुकला तर हाताने ताल चालू ठेवायचा आणि पुढची खाली पकडायची. थांबून माफी मागायची नाही, असा आमच्या वर्गाचा नियम आहे.

मोकळीक मिळाली की रागाची शिस्त जास्त कळते. कुणी धैवतावर रेंगाळू लागलं, वरच्या षड्जाभोवती फिरू लागलं, की देसकार डोकावतो. पाच स्वर तेच, पण चाल निराळी. पाठ केलेल्या आलापात हा धोका कधी आलाच नव्हता, त्यामुळे भूप आणि देसकार यांतला फरक केवळ उत्तरपत्रिकेपुरता ठाऊक होता.

पेटीचंही तसंच. अनेकांची बोटं एकाच पट्टीला सरावलेली असतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या शिक्षकासमोर काळी चारमध्ये गाणारी मुलं बसली, तर त्यांनी का खाली उतरावं? म्हणून आम्ही रोज पट्टी बदलतो. आठवड्यातून एकदा पाठ्यपुस्तकातल्या कवितेला तिथल्या तिथे चाल लावायची. दादरा की केरवा हे शब्दच सांगतात, ते आधी मोठ्याने वाचावे लागतात. शब्द मोडून चाल बसवलेली मला चालत नाही.

ज्या मुलीने उपज कशाला हवी असं विचारलं होतं, तिचा सरावपाठ एका प्राथमिक शाळेत होता. भूपाची सरगम चालू असताना एक मुलगा गंधाराऐवजी मध्यम लावून मोकळा झाला. तिने त्याला अडवलं नाही. त्याचा मध्यम उचलून तिने सा रे म प ध असं गायलं आणि मुलांना सांगितलं, "हे दुर्गा रागाचे स्वर आहेत. आता मी गाते. मध्यम ऐकू आला की हात वर करा." ती कधी ग घेई, कधी म. मुलं कान देऊन ऐकू लागली. थोड्या वेळाने त्याच मुलाने गंधार बरोबर लावला. टाचणात यातलं काहीही नव्हतं. पण तीन स्वरांशी ती महिनोन्‌महिने खेळली होती, म्हणून ऐन वेळी तिला सुचलं आणि त्या मुलाला "चुकलास" हा शब्द ऐकावा लागला नाही.

आता कुणालाही शिकवायला पाठवण्याआधी मी एक गोष्ट करून घेते. वेगळ्या गळ्याच्या दोन मुलांना वही न उघडता तोच भूप शिकवायचा, त्यांच्या पट्टीत, त्यांनी गायलेल्या स्वरावरून पुढे जात. संगीतशिक्षकांच्या प्रात्यक्षिक परीक्षेतही यासाठी वेळ राखून ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. विद्यार्थ्याला किती राग येतात हे आपण मोजतोच. समोरच्या मुलाचं ऐकून त्याला काय उत्तर देता येतं, तेही पाहिलं पाहिजे.