माहेरची गाडी

बऱ्याच वर्षांनी आईला माहेरी, बऱ्हाणपूरला न्यायचं ठरलं. बेळगावहून रात्रीची गाडी, भुसावळला उतरून दुसरी. तिकीट मात्र आरएसीच राहिलं! म्हणजे बाजूच्या खालच्या एका बर्थवर दोघांनी रात्र काढायची.

"तू आडवी हो," मी म्हणालो.

"मलकोप्पा," म्हणत तिनेच माझ्यावर शाल टाकली. पन्नास वर्षांच्या सासरात तिची मायासुद्धा कानडी झालेली!

झोप कुणालाच आली नाही. दर स्टेशनला दिवे, चढणाऱ्यांच्या बॅगा गुडघ्यांवर. टीसीला दोनदा विचारलं; जागा नाही. गाडी तीन तास उशिरा, पुढची चुकली.

भुसावळच्या फलाटावर मी चिडून बसलो होतो. आई चहावाल्याशी बोलत होती, तिकडच्या हेलात. ही मराठी आम्ही घरात कधी ऐकलीच नव्हती.

बऱ्हाणपूरच्या फारुकीकालीन जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मी तो दाखवला. "आपल्या घरासारखंच की," आई म्हणाली.

परतीला दोन बर्थ मिळाले. आई निवांत झोपली. सकाळी मिरज आलं, तेव्हा ती पुन्हा कानडीत बोलत होती.