जळतोय, म्हणाल्या होत्या

तालुक्याच्या रुग्णालयात मेडिकल वॉर्डला माझी रात्रपाळी होती. जुलाबांनी गळून गेलेल्या एक आजी दाखल होत्या. पोटॅशियम कमी, म्हणून ५०० मिलीच्या सलाइनमध्ये पोटॅशियम क्लोराइडचं एक अँप्यूल घालून हळूहळू सोडलं होतं. गुलाबी, म्हणजे २० गेजचं इंट्राकॅथ, शिरेत ठेवायची नळी, मनगटाजवळ. आजी हात हलवायच्या, म्हणून पुठ्ठा लावून वरून चिकटपट्टी गच्च गुंडाळलेली. ती मीच गुंडाळली होती.

दीडच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "बाई, हात लई जळतोय."

"या औषधानं जळतंच आजी, थोडं सोसा."

खोटं नव्हतं ते. पोटॅशियम नीट शिरेतून जातानाही जळजळतं, आणि तिथंच माझी फसगत झाली. थेंब जरा कमी केले आणि पुढच्या खाटेकडे गेले. पट्टी सोडवून बघितली नाही. आजी पुन्हा काही बोलल्या नाहीत.

पहाटे बोटं सुजलेली दिसली. पट्टी कापली. कातडी ताणून चकचकीत झालेली, हाताला गार. सुईच्या जागेशेजारी दोन फोड. सलाइन कधीचं आउट झालं होतं, शिरेबाहेर झिरपत होतं. लगेच बंद केलं, आत उरलेलं औषध सिरिंजने ओढून घेतलं, इंट्राकॅथ काढलं, हात उशीवर उंच ठेवला, डॉक्टरांना उठवलं. तिसऱ्या दिवशी तिथं रुपयाएवढा काळा डाग पडला. ड्रेसिंग तीन आठवडे चाललं. दुसऱ्या हाताची शीर बघायला मीच गेले, तेव्हा आजींनी न बोलता हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

आता मी सांध्यावर शीर घेत नाही. मनगट, कोपर दुमडतात, नळी आत घासते. कोपराखालचा सरळ भाग बघते. डोळ्यांना दिसणाऱ्या शिरेपेक्षा बोटाला लागणारी, दाबली की वर उसळणारी शीर भरवशाची. म्हाताऱ्यांचा हात खाटेखाली सोडायचा, कोमट फडकं ठेवायचं. घाई केली की शीर सरकते. दोनदा टोचून मिळाली नाही, तर दुसऱ्या सिस्टरला हाक मारते. आणि अर्धवट मागे घेतलेली सुई पुन्हा नळीत कधीच सारत नाही. नळी आतल्या आत कापली जाते.

वरून पारदर्शक ड्रेसिंग, त्यावर तारीख आणि वेळ. ते संपलेलं असलं, तर साधी पट्टी, पण सुईच्या वरची जागा बोटाला मोकळी ठेवून. ड्युटी बदलताना वही वाचून भागत नाही. खाटेशी जाऊन दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघते. कुठला जाड, कुठला गार, कुठे लाल रेघ वर चढलीय.

गेल्या महिन्यात एका शिकाऊ मुलीने विचारलं, "सिस्टर, रक्त मागे येतंय की. मग आउट कसं असेल?" रक्त येऊनही औषध बाहेर झिरपू शकतं, हे तिला सांगितलं. तिच्या पेशंटचा, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा, हात जळत होता. सूज दिसत नव्हती. आम्ही सलाइन थांबवलं. १० मिली साधं सलाइन हळू आत सोडायला लावलं आणि तिचं बोट नळीच्या टोकावर ठेवलं. चौथ्या मिलीला तिच्या बोटाखाली फुगवटा आला.

तिने सिरिंज थांबवली आणि त्या मुलाला म्हणाली, "बरं झालं, सांगितलंस."