आठवड्याला दोन शिलिंग

इंग्लंडात पॅरिश म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर जरा फिरून सांगावं लागतं. एक चर्च, त्याच्या हद्दीतली घरं, शेतं, आणि त्या हद्दीतला सगळा कारभार. देवस्थान आणि ग्रामपंचायत एकाच वाड्यात बसलेली, असं समजा. लग्न लावायचं, बाळाला नाव द्यायचं, मयत पुरायचं ते चर्चनं. आणि रस्त्याची डागडुजी, गरिबाचं पोट हेही एके काळी पॅरिशनंच बघायचं, गावावर पट्टी बसवून. त्यामुळं कागद फार. डॉरसेट काउंटीतल्या एका खेड्यात मी मालकांच्या नोकरीपायी आले ती तिथलीच झाले. मुलं मोठी होऊन पांगली तेव्हा त्या कागदांच्या नादी लागले. गावातले दोघंतिघं हेच करायचे, त्यांच्यात मिसळले. नाहीतर लांबलचक हिवाळ्यात तिथं करायचं काय?

१५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशनं एक वही ठेवायची आणि दर आठवड्याला लग्नं, बाप्तिस्मे, मयती तिच्यात लिहायच्या. वही ठेवायला पेटी, पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाद्र्याकडं आणि दुसरी गावच्या पंचांकडं. एकाचा दुसऱ्यावर विश्वास नको, हे तिथंही होतंच. पुढं १५९८ मध्ये सांगितलं की कागद टिकत नाहीत, सगळं चर्मपत्रावर उतरवून काढा, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनचं तरी. म्हणून पुष्कळ गावांच्या वह्या १५५८ पासूनच सापडतात. त्याआधीचं उतरवायचा कंटाळा केला असणार.

मला पहिल्यांदा याचं फार अप्रूप वाटलं. शेतमजुराच्या पोराचं नाव चारशे वर्षं जपून ठेवलेलं! आमच्याकडं माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून, चुलत्यांची १ जून, शाळेत नाव घातलेल्या निम्म्या गावाची १ जून. मास्तरांनी घातली ती तारीख. पण नुसत्या तारखेवर हुरळून जाण्यात अर्थ नाही, हे मला हळूहळू कळलं. तिथल्या १८४१ च्या खानेसुमारीत मोठ्या माणसांची वयं खालच्या पाचावर आणून लिहायची असा नियमच होता. चौतीस वर्षांची बाई तीस. मास्तर सगळीकडं असतात.

माझ्या शेजारी एक म्हातारी राहायची. नवरा जन्मभर गावातल्याच एका बड्या शेतकऱ्याकडं गुरांवर कामाला होता. तिच्या घरात एक गोष्ट चालत आलेली. तिच्या आजीच्या आईचा बाप म्हणे खलाशी होता आणि लेक जन्मायच्या आत समुद्रात बुडाला. म्हातारी म्हणाली, “तू त्या वह्या बघतेस ना, मग माझा खलाशी शोधून दे. जहाजाचं नाव कळलं तरी पुरे.”

त्या वेळी आजच्यासारखं घरबसल्या काही दिसत नव्हतं. डॉर्चेस्टरला काउंटीच्या दप्तरखान्यात जायचं, पिशवी बाहेर ठेवायची, पेन आत न्यायला बंदी, फक्त शिसपेन्सिल. जुन्या वह्या फिल्मवर बघायच्या. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या वहीला छापील रकाने आले. मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, आणि पाद्र्याची सही. १८२४ च्या पानावर ती पोरगी सापडली. आईबापांच्या रकान्यात एकट्या आईचं नाव. धंद्याच्या रकान्यात लिहिलेलं, ‘अविवाहित स्त्री’. हाच जणू तिचा धंदा.

मात्र पोरीला दोन नावं दिलेली होती आणि त्यातलं दुसरं नाव बाईमाणसाचं नव्हतंच. ते आडनाव होतं. बापाचं नाव वहीत लिहू देत नाहीत तर पोरीच्या नावातच घाला, असं पुष्कळ बायका करायच्या, हे मला तिथल्याच जाणत्या माणसांनी सांगितलं. आणि ते आडनाव आमच्या चर्चच्या भिंतीवर संगमरवरात तीनदा कोरलेलं आहे. म्हातारीचा नवरा ज्यांच्याकडं राबला, त्या घराण्याचं.

आडनावावरून काही सिद्ध होत नाही. मग गरिबांच्या खर्चाचे कागद मागवले. खरा खजिना तिथं असतो. १६६२ च्या कायद्यानं गरिबाला पोसायची जबाबदारी ‘ज्या गावचा त्या गावावर’ टाकली, आणि मग हा माणूस कुठल्या गावचा यावर दोनशे वर्षं भांडणं झाली. परगावचा मजूर अडचणीत आला की त्याला साहेबापुढं उभं करून विचारायचे: जन्म कुठं, चाकरी कुणाकडं, किती दिवस? एकाच धन्याकडं लग्नाआधी सालभर चाकरी केली तर तो त्या गावचा ठरायचा. म्हणून शेतकरी एक्कावन्न आठवड्यांवरच गडी काढून टाकायचे. बिनलग्नाचं पोर जिथं जन्मेल त्या गावच्या गळ्यात पडणार, म्हणून दिवस भरत आलेल्या बायांना गाडीत घालून हद्दीबाहेर सोडायचे. ज्याची कधी कुणी विचारपूस केली नाही, त्याचा जन्मभराचा वृत्तांत खर्च कुणी करायचा या वादापायी कागदावर आलाय. मायेनं लिहिलेली एक ओळ मला त्या बंडलांत दिसली नाही.

आणि त्यात आमची ती ‘अविवाहित स्त्री’ होती. शपथेवर तिनं बापाचं नाव सांगितलेलं. भिंतीवरचंच आडनाव, धाकटा मुलगा. त्यानं आठवड्याला दोन शिलिंग द्यावेत असा हुकूम. खाली तिच्या सहीच्या जागी फुली. हिशेबाच्या वहीत तीन वर्षं त्याचे पैसे जमा दिसतात. पुढं त्याचं नाव नाही. पॅरिशच्या खात्यातून तिला दीड शिलिंग, तेही हिवाळ्यापुरते.

हे म्हातारीला सांगायचं की नाही? आमच्या गटातल्या एका गृहस्थांचं मत होतं, खलाशी बुडालेलाच राहू दे, ऐंशी वर्षांच्या बाईला कशाला त्रास. मला ते पटेना. कागद तिच्या घरचे होते, माझ्या नाही.

चहाच्या वेळी सांगितलं. मी नक्कल करून नेली होती ती तिनं चष्मा लावून दोनदा वाचली. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “तेव्हा मजुरी काय होती गं?” मी म्हटलं, दहा वर्षांनी, १८३४ साली, इथून जवळच टॉलपडलला सहा मजुरांना काळ्या पाण्यावर धाडलं, तेव्हा आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आली होती आणि सहा करणार होते. ती मनाशी हिशेब करत राहिली. “दोन म्हणजे अगदीच वाईट नाही,” म्हणाली. “पण तीनच वर्षं.” पुन्हा थोड्या वेळानं, “माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं त्यांच्या गायींचं दूध काढलं. आणि नाताळला ते आम्हाला एक कोंबडी द्यायचे.” एवढं बोलून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते सगळं पाणी हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. जाताना तिनं त्या फुलीवर बोट ठेवलं. “ही तिनं स्वतः काढली? नक्की?” मी मान डोलावली.

पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये नेहमीची मागची जागा सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसली. का, ते कुणाला कळलं नाही. दोन वर्षांनी गेली.

तिच्यामुळं मला माझी आजी आठवायला लागली. साताऱ्याकडं आमच्या गावी हेळवी येतो. पूर्वी सुगी झाली की बैलावर बसून यायचा, दारात उभा राहून सात-आठ पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा, धान्य घेऊन जायचा. मूळ पुरुष कुठून आला, कुणाला किती मुलगे, सगळं त्याच्या वहीत. आमच्या घराण्यातली एकही बाई त्यात नाही. आजीचं माहेरचं नाव काय होतं ते घरात कुणाला ठाऊक नाही. लग्नात बदललं ते बदललं. शपथेवर तिला कधी कुणी काही विचारलं नाही, म्हणून तिची फुलीसुद्धा कुठं नाही. माहेरचं गाव तेवढं माहीत आहे.

चुलतभावाला फोन केला. म्हटलं, हेळवी आला की त्याला आजीच्या माहेरच्या घराण्याची वही कुणाकडं आहे ते विचार, आणि आपल्या वहीत आजीचं नाव घालून घे.

“आक्का, त्येच्यात बायकांची नावं नसत्यात.”

“म्हणूनच घालायला सांग.”

पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. हेळवी येऊन गेला होता. म्हणाला, बायकांची नावं घालायची तर वही नव्यानं मांडावी लागेल, त्याचं वेगळं पडेल, नावामागं शंभर रुपये.

“किती बायका होतायत?” मी विचारलं.

“त्येच तर. कुणालाच म्हाईत न्हाई.”

म्हटलं, आजीपासून सुरुवात कर. पैसे मी पाठवते.