शब्दांची शिवण

संस्कृत समासांत दोन शब्द जुळले कीं त्यांची शिवण पुष्कळदां दिसेनाशी होते. 'जलाशय' या शब्दांत 'जल' कोठें संपला आणि 'आशय' कोठें लागला हें कानाला कळत नाहीं. सांधा 'ला' या एकाच अक्षराच्या पोटांत विरलेला असतो. वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांकडून असे विग्रह करून घेतल्यामुळें, जगांतील सारे समास आपल्याला वश आहेत असा माझा गोड समज झाला होता. उन्हाळ्याच्या सुटींत मुलाकडे नेदर्लंड्सला गेलों आणि तो समज गळून पडला.

डच भाषेला जोडशब्दांची भारी हौस. साध्या शब्दांत दोन स्वरांमधलें एकटें व्यंजन ती पुढच्या स्वराच्या पदरीं घालते. पण समास आला कीं थबकते आणि घटकशब्दांची हद्द राखते. हाताला त्या भाषेंत जो शब्द आहे तो लिहितात दकारान्त, पण उच्चारतात 'हान्त'. अनेकवचनांत पुढें स्वर आला कीं दकार परत ऐकूं येतो. मात्र श्रमवाचक 'आर्बैत' हा शब्द जोडून 'हस्तश्रम' असा समास केला, तर पुढें स्वर असूनहि 'हान्त-आर्बैत' असाच उच्चार टिकतो. उलट बटाट्याला ते लोक 'भूमीचें सफरचंद' म्हणतात. तो समास जिभेवर इतका घोळला आहे कीं त्यांतला दकार खुशाल पुढच्या स्वराला जाऊन मिळतो. ओळीच्या शेवटीं शब्द तोडावा लागला, तर मात्र जुनी शिवणच प्रमाण. रोज ताटांत येणाऱ्या शब्दाची शिवण कोण पाहत बसतो!

या अभ्यासांत मला 'दैक्राम्प' हा शब्द भेटला. 'दैक' म्हणजे पाणी अडविणारा बांध, 'राम्प' म्हणजे आपत्ति. पण तींच अक्षरें 'दै-क्राम्प' अशीं तोडलीं, तर अर्थ होतो मांडींत आलेला पेटका! मी बेहद्द खूष झालों. शेजारच्या वृद्ध बाई कॉफीला आल्या, तेव्हां ही गंमत मीं त्यांना मोठ्या ऐटींत ऐकविली.

त्या हंसल्या नाहींत. "प्रोफेसरसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या घरीं तो शब्द एकाच जागीं तुटतो."

त्या झेलंड प्रांतांतल्या. १९५३ सालीं, ३१ जानेवारीच्या रात्रीं, समुद्रानें तेथले बांध फोडले आणि नेदर्लंड्समध्यें १८३६ माणसें दगावलीं. त्यांत या बाईंचा धाकटा भाऊ होता.

मीं क्षमा मागितली. त्यांनीं माझ्या पेल्यांत आणखी कॉफी ओतली आणि मुलाच्या नोकरीची चौकशी केली.

व्याकरणाला दोन्ही विग्रह सारखेच शुद्ध. हल्लीं वर्गांत एखादा विद्यार्थी समास भलत्याच ठिकाणीं तोडतो, तेव्हां मी पूर्वीसारखा चटकन् हंसत नाहीं. त्यानें तेथेंच कां तोडला, हें आधीं विचारतों.