पाचांची मर्यादा

२०१८ च्या जूनमधील एका सायंकाळी माझ्या मोबाईलवर मुले पळविणाऱ्या टोळीविषयीचा संदेश आला. पाठविणारे गृहस्थ परिचित, हेतूही चांगला. क्षणभरही न थांबता मी तो धर्मग्रामातील कुटुंबांना पुढे धाडला. मेंढपाळाने लांडग्याची चाहूल द्यावी, त्यात गैर ते काय!

१ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेपायी जमावाने पाच जणांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती भिक्षेकरी माणसे. माझा संदेश तिथवर गेला नसेल. परंतु तो कोठवर गेला, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतासाठी मर्यादा जाहीर केली : एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविता येईल. मला हायसे वाटले, आणि मग त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटली. सेमिनरीत सदसद्विवेकबुद्धीवर मी पाने भरून लिहिली होती. बोट आवरण्याचे काम मात्र यंत्राने पत्करावे, याचा मला आनंद!

पुढच्या रविवारी मिस्सानंतर मी माझी चूक सर्वांसमोर सांगितली. बाहेर पडताना एक मावशी थांबल्या. म्हणाल्या, “फादर, तुम्ही पाठवलात म्हणून मी तो सुनेच्या माहेरीही पाठवला. त्यांनी आणखी कोणाकोणाला पाठवला असेल?”