जुनं जपायचं, की नवं बांधायचं?

कोलकात्यात गार्डन रीचला दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे. यांची तिथे बदली झाली आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. सासूबाई गेल्यावर माझे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, भायखळ्याच्या खोलीला कुलूप लावून आमच्याकडे आले. उभं आयुष्य गिरणीत काढलेला माणूस. हुगळीकाठी त्यांचा जीव रमेना.

त्यातच चाळीच्या पुनर्विकासाचं संमतिपत्र आलं. हे समजावायचे, "अण्णा, लिफ्ट मिळेल, घरातच संडास-बाथरूम मिळेल." अण्णा गप्प. कागद महिनाभर टीव्हीखालीच पडून होता.

एका रविवारी लेकीच्या हट्टाने आम्ही चौरंगीवरचं इंडियन म्युझियम बघायला गेलो. बंगाली लोक त्याला जादूघर म्हणतात. ते १८१४ साली सुरू झालेलं. २०१४ मध्ये दोनशे वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणून आधी काही महिने बंद ठेवून मोठी दुरुस्ती केली. त्याच काळात रामपूर्वाच्या प्राचीन सिंहशीर्षाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि बरीच टीका झाली. मी हे सांगितलं तसे अण्णा पटकन म्हणाले, "घर झाडताना देव्हाऱ्यातला देवच पडला म्हणायचा!"

कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते. मग घरी येईपर्यंत त्यांच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमच्याच गोष्टी चालल्या.

ते संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. त्यासाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव त्याला १९७५ साली मिळालं. पुढे वास्तूची रया गेली. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले. जाणकारांनी आणि कारागिरांनी पाच वर्षं खपून ते पूर्वीसारखं केलं. २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली.

"तुझ्या सासूला घेऊन गेलो होतो," अण्णा म्हणाले. "तेच मातीचे पुतळे, तीच कपाटं. आपलं माणूस न्हाऊन-माखून समोर यावं तसं वाटलं."

मग विस्ताराची कल्पना निघाली. २०१४ मध्ये स्पर्धेतून अमेरिकी वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. जुन्या इमारतीला धक्का न लावता शेजारी नवं दालन बांधायचं होतं. ते काही उभं राहिलं नाही.

लेक लगेच म्हणाली, "आजोबा, मग आपली चाळ पण तशीच दुरुस्त करायला सांगा ना!"

मला वाटलं, अण्णांच्या मनातलंच बोलली. पण ते म्हणाले, "म्युझियममध्ये कुणी राहत नाही गं बाळा. तुझी आजी चाळीस वर्षं पहाटे संडासाच्या रांगेत उभी राहिली. गुडघे गेले, तरी जिने चढली. ते कशाला जपायचं?"

हे ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. चाळीवरचं त्यांचं प्रेम म्हणजे गैरसोयीवरचं प्रेम नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग त्यांना काय सोडवत नव्हतं? तो लांबच लांब व्हरांडा, तिथे निवडलेले तांदूळ, तळमजल्यावरचा गणपती, आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरायची मुभा.

त्या आठवड्यात अण्णांनी सही केली. सोबत समितीला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं. नव्या इमारतीत गणपतीसाठी आणि म्हाताऱ्यांना बसायला तळमजल्यावर सामाईक जागा ठेवा, आणि पाडण्याआधी प्रत्येक मजल्याचे फोटो काढा, एवढ्या दोनच मागण्या.

उत्तर अजून आलेलं नाही. अण्णा मात्र रोज संध्याकाळी नातीला शेजारी बसवून चाळीतल्या एकेका खोलीतली माणसं सांगतात आणि ती वहीत लिहून घेते. तळमजला संपला, आता पहिल्या मजल्यावर आलेत.

कुठलीही जुनी वास्तू दुरुस्त करताना आधी हेच ठरवायला हवं, नाही का? त्यातलं काय माणसांना सांभाळत होतं आणि काय नुसतंच सोसलं जात होतं. पहिलं जपावं, दुसरं खुशाल पाडावं.