एक, दोन, तीन... आणि खाली वाक!

तर झालं असं, की दिवाळीत घेतलेली पँट संक्रांतीला कमरेत बसेना. दिवसभर खुर्चीत बसून काम, त्यात रिलीजच्या आठवड्यात रात्री बाराला मागवलेला पिझ्झा. दुसरं काय होणार? जिमचे वर्षाचे पैसे भरून एकूण अकरा वेळा गेलो होतो, त्यामुळे तो मार्ग बंद. शेवटी एका मित्राने सुचवलं, शॅडो बॉक्सिंग कर. ना पिशवी लागते, ना ग्लोव्हज, ना जोडीदार. हवेत ठोसे मारायचे. हॉलमधला टीपॉय भिंतीला लावला की आखाडा तयार.

प्रोग्रामर लोकांना हा प्रकार आवडायचं कारण म्हणजे इथे ठोशांना नंबर असतात. उजव्या हाताचा माणूस डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. एक म्हणजे जॅब, पुढच्या डाव्या हाताचा सरळ ठोसा. दोन म्हणजे क्रॉस, मागच्या उजव्या हाताचा. तीन आणि चार म्हणजे बाजूने येणारे डावा-उजवा हूक, पाच आणि सहा म्हणजे खालून हनुवटीकडे जाणारे अपरकट. मग 'एक-दोन-तीन' म्हटलं की एक अख्खं वाक्य झालं.

हे वाक्य असंच का, ते मला चार-पाच दिवसांनी कळलं. ठोसा हातातून येत नाही, पायातून येतो. क्रॉस मारताना मागची टाच उचलून पाऊल वळवायचं, कंबर वळते, तिच्यामागून खांदा, आणि सगळ्यात शेवटी हात. आता सगळा भार डाव्या पायावर आलेला असतो, शरीर पिळलेलं असतं. ते परत सुटताना डावा हूक आपोआप निघतो. पण खरी मेख पुढेच आहे. मारलेला हात त्याच वेगाने, त्याच रस्त्याने गालापाशी परत आला पाहिजे. नाही आला तर घेतलेली मेमरी फ्री न केल्यासारखं होतं. लगेच काही बिघडत नाही, बिघडतं तेव्हा मात्र सगळंच आडवं होतं.

तीन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती, असे चार राउंड. पहिल्या दिवशी दुसऱ्या राउंडलाच सोफ्यावर. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं, "तुमच्याकडे हल्ली रात्री मसाला कुटतात का हो?"

महिनाभराने बचावाकडे वळलो. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत खांद्याच्या उंचीवर नाडी बांधली. तिच्याखालून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात पुढे सरकायचं. वाकायचं गुडघ्यात, कमरेत नाही, आणि नजर जमिनीवर न्यायची नाही. सरळ ठोसा चुकवायला तर डोकं चार बोटं बाजूला नेलं तरी पुरतं. जास्त हललात तर तोल जातो आणि उलटा ठोसा मारता येत नाही.

पण हवेला कसं चुकवणार? म्हणून बाबांना पकडलं. बाबा रिटायर झाल्यापासून तसेही कामाच्या शोधात असतात. त्यांच्या हातात रविवारच्या पेपरची गुंडाळी दिली. ते नंबर म्हणणार, मी ठोसे मारणार, आणि मधेच ते गुंडाळी फिरवणार, मी खाली वाकून निघणार.

"एक, दोन," बाबा म्हणाले. मी मारले. "एक, दोन, तीन," आणि त्यांचा हात वर गेला.

मी वाकलोच नाही. डोळे घट्ट मिटले, खांदे कानापर्यंत आले आणि जागच्या जागी उभा राहिलो. गुंडाळी हळूच कानाला लागली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाच वेळा!

बाबा थांबले. आणि मलाही त्याच क्षणी आठवलं. दुसरी-तिसरीत असेन. असंच समोर उभं राहून सतराचा पाढा म्हणायचा, अडकलो की हात वर जायचा. रोज नाही, आणि फार जोरातही नाही. आमच्या वर्गात बहुतेकांच्या घरी हेच चालायचं, त्यामुळे मी कधी मनात वगैरे ठेवलं असं मला तरी वाटत नव्हतं. पण शरीराने ठेवलं होतं. मेन्टेनन्समध्ये असतो ना तसला जुना कोड... कुणी लिहिला आठवत नाही, पण बरोबर इनपुट आला की चालतोच.

बाबांनी गुंडाळी टीपॉयवर ठेवली. "आज पुरे," म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. मीही काही बोललो नाही. आमच्या घरात अशा गोष्टी बोलायची पद्धत नाही.

रात्री जेवताना मी लॅपटॉपवर अली-फ्रेझियरची ८ मार्च १९७१ ची मॅच लावली होती. पंधराव्या राउंडमध्ये फ्रेझियरचा डावा हूक बसतो आणि अली चक्क पाठीवर पडतो. बाबा मागे उभे राहून बघत होते. "अरे, उठला की लगेच," म्हणाले. मी म्हटलं, "उठला, पण मॅच हरला."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझा सतराचा पाढा अजून कच्चाच आहे का रे?"

"हो. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे आता."

"बरं झालं," म्हणाले. आणि जरा थांबून, "उद्या सकाळी करू. मी हळू फिरवीन. तू फक्त डोळे उघडे ठेव."

या गोष्टीला आता दोन महिने झाले. पँट अजून बसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण काल दहापैकी सात वेळा मी डोळे उघडे ठेवून गुंडाळीखालून निघालो. आठव्या वेळी मिटले. तेव्हा बाबांनी हात अर्ध्यातच थांबवला होता, हे मला डोळे उघडल्यावर दिसलं.

असो. उद्या सोमवार, साडेनऊला मीटिंग आहे. त्याआधी चार राउंड.